पितृपंधरवड्यातलं डाएट

रविवार, ७ सप्टेंबर. सकाळी.

काल गणपती गेले. आज सकाळी उरलेला शेवटचा मोदकही संपला. नव्या आयुष्याला सुरुवात करायला याहून चांगला दिवस नाही.

कॉलेजच्या हेल्थ कॅम्पचा रिपोर्ट आला. उपाशीपोटीची शुगर बॉर्डरवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकविसाव्या वर्षी हे बरं नाही. लगेच गोळी देत नाही, पण पथ्य पाळायचं, रोज चालायचं, आणि घटस्थापनेला पुन्हा तपासायचं. तेव्हा पुढे गेलेली दिसली तर गोळी सुरू. कायमची. काय खाता ते रोज लिहून ठेवा, असंही म्हणाल्या. त्यांना दाखवायला वेगळी वही करीन. ही माझी.

आईला सांगून टाकलं. बाबांचंही बॉर्डरवरूनच सुरू झालं होतं. त्यांनी पन्नाशीसुद्धा गाठली नाही.  आईने साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. मी म्हटलं, अगं, पंधरा दिवसांत नॉर्मल करून दाखवतो. मनावर घेतलं की मी करतोच.

संकल्प: पहाटे नगरच्या किल्ल्याभोवती पळणे. नाश्त्याला मोड आलेले मूग. साखर बंद. रात्री फक्त सूप.

आज रात्री ग्रहण. दुपारपासून वेध, म्हणजे खाणं बंद. डाएटची सुरुवात निसर्गानेच करून दिली.

दुपारी.

वेध लागायच्या आत जेवून घ्यायचं होतं म्हणून अकराला जेवलो. मग वाटलं, रात्रीपर्यंत कसं निघणार. पुन्हा जेवलो.

सोमवार, ८ सप्टेंबर. प्रतिपदा.

पहाटे उठलो. खरंच उठलो. किल्ल्यापाशी करण होता. करण म्हणजे माझा वर्गमित्र, सोनईचा, शेतकऱ्याघरचा. बीसीए करताकरता पोलीस भरतीची तयारी करतो. तो पळायला लागला, मी चालायला लागलो. पहिल्या दिवशी शरीराला धक्का देऊ नये. लष्कराचे जवान पळत मागून आले, पुढे गेले, आणि मी बुटाची नाडी बांधत होतो तोवर पुन्हा मागून आले. करण म्हणे, नाडी लई येळ बांधतोस गड्या.

मग कॉलेज. मग ड्युटी.

ड्युटी म्हणजे हेमचंद्रकाकांबरोबर भिक्षुकी. बाबा गेल्यापासून बाबांची घरं आम्ही दोघं सांभाळतो. काका सारखं म्हणतात, दादाने जोडलेली घरं आहेत, तुटता कामा नयेत. काकांचे गुडघे गेलेत, पाटावर बसवत नाही. ते खुर्चीत बसून मंत्र सांगतात आणि श्राद्धाला ब्राह्मण म्हणून जेवायला मी बसतो. एकाने म्हणायचं, एकाने खायचं. कॉलेजात याला division of labour म्हणतात.

पितृपक्षात नगरमध्ये पितर जास्त आणि ब्राह्मण कमी. म्हणून यंदा मी सगळ्या घरांच्या तिथ्या मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकल्या. कुठल्या दिवशी कोणाकडे, गुरुजी कोण, जेवायला कोण. काकांची जुनी डायरी रिटायर केली. काका खूश. म्हणाले, आता मला काही लक्षात ठेवायला नको.

पहिलं घर चितळे रोडला. ठरवून गेलो होतो, एक पोळी, थोडा भात, खीर नाही. पण श्राद्धाच्या पानावर ब्राह्मणाने बोलायचं नसतं. मौन. नको म्हणता येत नाही. फक्त हात आडवा धरायचा. मी धरला. यजमानीणबाईंनी माझ्या बोटांच्या फटीतून खीर वाढली. आणि म्हणाल्या, तुमचे वडील तर दोनदा मागून घ्यायचे. आता बाबांचं नाव निघाल्यावर काय करणार? खाल्ली.

पुढे यजमान विचारतात, तृप्त झालात ना? तेव्हा मात्र बोलायचं असतं. आणि उत्तर एकच आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर.

मोठा शोध. काकांना सहज विचारलं की श्राद्धाचं जेवल्यावर काय काय वर्ज्य. त्यांनी श्लोकच म्हटला. श्राद्ध जेवलेल्या ब्राह्मणाने त्या दिवशी पुन्हा जेवू नये, लांब चालू नये, ओझं उचलू नये, श्रम करू नयेत.

म्हणजे रनिंग बंद. वजनं बंद. मी नाही, शास्त्राने बंद केलं. उद्या सकाळचं रनिंग जेवणाआधी असतं खरं, पण आदल्या दिवशीचं अन्न अजून पोटात असतंच, त्याचा मान ठेवला पाहिजे.

उलट फायदाही आहे. दिवसातून एकदाच जेवण. इंटरनेटवर लोक यासाठी कोर्स लावतात. आपल्याकडे पितर फुकट करून घेतात.

संध्याकाळी भूक लागली. भेळ खाल्ली. भेळ म्हणजे भोजन नव्हे.

गुरुवार, ११ सप्टेंबर.

मूग खायचे राहिले. काल भिजवले होते, पण मोड येईपर्यंत थांबलो तर कॉलेज चुकलं असतं. पोहे खाल्ले.

आजच्या घरी पुरण होतं, वडे होते, अळूची भाजी होती. आणि कारलं! श्राद्धात कारलं लागतंच. म्हणजे पूर्वजांना शुगरचं सगळं माहीत होतं. मी कारल्याची भाजी दोनदा घेतली. त्यामुळे पुरणाचा परिणाम निघून गेला असणार. डॉक्टरीणबाईंना विचारायला पाहिजे.

प्रॅक्टिकल बुडालं. मॅडमना कारण काय सांगणार? लोकांच्या आजोबांच्या वतीने जेवत होतो?

शनिवार, १३ सप्टेंबर.

करणने आज माझ्याकडे मागून बघितलं आणि म्हणाला, पँट आटली का तू वाढला. मी म्हटलं, धुतल्याने आटली. तो म्हणे, आमी बी खातो, न्हाई असं न्हाई, पन मंग पळतो. तुझं निस्तं पयलंच हाय. माझ्यासाठी त्याने घरून हरभरे आणले होते भिजवलेले. चांगला मुलगा आहे. पण त्याला पानावरचं मौन कळत नाही.

खरं सांगायचं तर आज जरा भीती वाटली. जिना चढून वर गेलो आणि दारात धाप लागली. यजमानांच्या म्हाताऱ्या आई आतून म्हणाल्या, आले वाटतं गुरुजी, तुमच्या वडिलांनासुद्धा अशीच धाप लागायची, आवाजावरून ओळखलं. सगळे कौतुकाने हसले. मीही हसलो. मग पाटावर बसलो आणि बाबांचं पान माझ्यापुढे वाढलं जातंय असं वाटत राहिलं. उठून जावंसं वाटलं. पण विधी सुरू झाल्यावर ब्राह्मण उठला तर पितर उपाशी जातात. कुठे जाणार? हात आडवा धरला, तरी वाढणं थांबलं नाही.

उद्यापासून कडक.

रविवार, १४ सप्टेंबर.

कडक सुरू. चहात साखर नाही. चहाबरोबर बिस्किटं होती, पण ती मी घेतली नव्हती, समोर ठेवली होती.

सोमवार, १५ सप्टेंबर. अविधवा नवमी.

आज सवाष्णींचा मान. मला सुट्टी. आईने ज्वारीची भाकरी, मेथी आणि ताक केलं. अगदी डॉक्टरांच्या चार्टप्रमाणे. आईला किती बरं वाटलं. मी जेवताना समोर बसून बघत होती. खूप दिवसांनी हसली.

दुपारी उगीच अस्वस्थ झालो. घरात बसवेना. वाटलं, सावेडीच्या राजेश्वरीकाकूंकडे जाऊन त्यांची तिथी कन्फर्म करावी. फोनवरही झालं असतं, पण प्रत्यक्ष गेलेलं बरं. काकूंच्या घरचे वडे आणि घारगे म्हणजे नगरमध्ये दुसरीकडे नाहीत. अर्थात त्यासाठी गेलो नव्हतो.

काकू माझ्याहून दुपटीने मोठ्या, पण मला अहो गुरुजी म्हणतात. म्हणाल्या, यंदा यांचं श्राद्ध सर्वपित्रीला करतेय, रविवारी, आणि जेवायला तुम्हीच हवेत. तुमचे वडील कायम यायचे. कॅलेंडर उघडलं. काकांना त्या दिवशी दोन घरं होती, मला एकही नव्हतं. सर्वपित्रीसारख्या दिवशी मी पूर्ण मोकळा! ही माझ्या प्लॅनिंगची कमाल. लगेच हो म्हटलं.

काकूंनी घारगे नमुन्याला दिले. भोपळ्याचे असतात. भोपळा ही भाजी आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर. एकादशी.

उपास. म्हणजे detox. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याच्या फोडी, दाण्याचा लाडू. शरीर हलकं वाटावं म्हणून दुपारी झोपलो.

काकांचा फोन. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणताहेत, दिवाळीनंतर. मग सगळी घरं तुझी, म्हणाले. मंत्र तूच, जेवण तूच. मी म्हटलं, काका, मला पुण्यात नोकरी बघायची आहे. काका म्हणाले, बघ की. पितृपक्षात रजा देतात ना ते?

 काका वाईट नाहीत, तेच तर अवघड आहे. भांडता तरी आलं असतं.

गुरुवार, १८ सप्टेंबर.

आईने सकाळी विचारलं, रविवारचं सांगितलंस ना रे? मी म्हटलं, हो, रविवार फिक्स आहे. आई म्हणाली, बरं झालं, त्या दिवशी कोणी मिळत नाही. बिचारी, माझ्या कामाचीही काळजी करते.

आईने खपली गव्हाचा रवा आणायला सांगितला. खीर करणार म्हणे. आपल्या घरात खीर? मी म्हटलं, आई, पथ्य तूच मोडतेस. तिने पिशवी माझ्या हातात दिली. नवरात्राच्या नैवेद्याची तयारी असेल. तांब्याची भांडीही घासायला काढलीत.

किल्ल्यावर गेलो नाही. करणला मेसेज केला की श्राद्धाचा नियम आहे. त्याचं उत्तर आलं, व्हय व्हय, तुझ्या नियमाला माझा दंडवत.

शनिवार, २० सप्टेंबर. संध्याकाळी.

मोठा घोळ झालाय. लिहितो.

आई बाबांचा फोटो पुसत होती. पुसतापुसता म्हणाली, उद्या आपल्याकडे ब्राह्मण कोण आहेत? म्हटलं, आपल्याकडे कशाला?  आई म्हणाली, शौनक, तुझे बाबा अमावस्येला गेले.

सगळ्या नगरच्या तिथ्या मी कॅलेंडरमध्ये टाकल्या. बाबांची टाकली नाही.

दरवर्षी काकांच्या डायरीत असायची. त्यांनी यंदा काही लक्षात ठेवलं नाही, कारण डायरी मीच रिटायर केली होती. बाबांचीच नोंद नव्हती, म्हणून रविवार मोकळा दिसत होता. आणि तो मी वड्यांसाठी देऊन टाकला. इथे तरी खोटं लिहीत नाही. वड्यांसाठीच.

काकांना फोन केला.  ते स्वतःलाच शिव्या द्यायला लागले, सख्ख्या भावाची तिथी विसरलो म्हणून. ते स्वतः आमच्याकडे जेवायला बसू शकत नाहीत, सगोत्र चालत नाही. श्रीरामपूरपासून शेवगावपर्यंत फोन झाले. सगळे बुक. दोघांना तर मीच बुक केलंय, दुसऱ्यांसाठी. एक जण म्हणाले, अहो, तुमच्याच मेसेजवरून तर मी दिल्लीगेटला चाललोय.

राजेश्वरीकाकूंनाही सांगितलं. वडिलांचं श्राद्ध करणाऱ्याने त्या दिवशी दुसऱ्याचं अन्न खायचं नसतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मग आमचे हे उपाशी का? 

दोन घरचे पितर, आणि जेवायला कोणी नाही.

रविवार, २१ सप्टेंबर. सर्वपित्री अमावस्या.

ब्राह्मण मिळाला नाही तर दर्भाचा ब्राह्मण करून पाटावर बसवतात. शास्त्रात सोय आहे. काकांनी पहाटे येऊन दर्भाची गाठ मारून दिली आणि आपल्या दोन घरांकडे लंगडत गेले. मंत्र मीच म्हटले.

पाटावर तो वीतभर दर्भ, समोर एवढं मोठं पान. मनात आलं, सबंध नगरमध्ये शुगर नॉर्मल असलेला हा एकच ब्राह्मण. हसू यायला लागलं. मग आई वाढायला आली आणि हसू गेलं.

तिने सगळं बाबांच्या आवडीचं केलं होतं. खिरीत साखर घातली होती, हात न आखडता. दर्भापुढे वाढताना सवयीने म्हणाली, घ्या ना अजून थोडी. मग मला म्हणाली, शेवटची वर्षं मी त्यांना घरात गोडाचा कण दिला नाही रे. मी कारलं करायची आणि ते बाहेर लोकांकडे खाऊन यायचे. त्यांना माझ्या हातची खीर मिळाली नाही, बाकी सगळ्या गावची मिळाली. आता काय होणार आहे त्यांना? खाऊ देत.

मी पुस्तकाप्रमाणे दर्भाला विचारलं, तृप्त झालात ना? उत्तरही मलाच म्हणायचं होतं.  मला बाबा हवे होते. तिथे, त्या पाटावर, धापा टाकत, हात आडवा धरून.

नंतर उरलेलं आम्ही दोघांनी खायचं होतं. सकाळपासून उपाशी होतो. आईने पान मांडलं आणि वाढत गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात थांबत नव्हता. मी एकदाही हात आडवा धरला नाही. आज मौनही नव्हतं. नको म्हणता आलं असतं.

संध्याकाळी.

राजेश्वरीकाकूंनी डबा पाठवला. त्यांनीही दर्भच बसवला म्हणे. वडे आणि घारगे आहेत. निरोप होता, आज चालत नाही ते माहीत आहे, उद्या खा. फ्रिजमध्ये ठेवलाय. उद्या तपासणी आहे, त्यामुळे उद्यासुद्धा बघायचं नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर. घटस्थापना.

उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. दिलं. पूर्ण उपाशी होतो. एका वड्याचा फक्त कोपरा तोडून पाहिला होता, खराब झाला असेल तर वाया जाऊ नये म्हणून.

शुगर पुढे गेली आहे. बरीच. डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवसांत काय खाल्लं ते विचारलं. वही केली नव्हती. मी त्यांना मौन, पितर, श्रमाचा श्लोक, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि गोळी लिहून दिली. कधी आणि कशी घ्यायची ते आईला सांगायला लागल्या. आई म्हणाली, मला माहीत आहे कशी द्यायची ते.

घरी येताना रिक्षात आई बाहेर बघत होती. मी म्हटलं, आई, काळजी करू नकोस, आता खरंच मनावर घेतो. ती हो म्हणाली. बाबांनाही ती असंच हो म्हणायची.

काकांचा फोन आला. नवरात्रात सप्तशतीचे पाठ आहेत, बाबांच्याच घरांत. गुडघे वाकत नाहीत, येशील ना? येतो म्हटलं. पाठ झाल्यावर सगळीकडे जेवायला थांबायचं आहे, असंही म्हणाले.

विचार केला. गोळी जेवल्यावरच घ्यायची असते, उपाशीपोटी चालत नाही. म्हणजे जेवणाचा निर्णय आता माझ्या हातात राहिलेलाच नाही.